लहरींना वाट दाखवणारा मार्कोनी

पुण्याजवळचे खडकी आणि रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वांना ठाऊक असलेले दौंड ही नावे महाराष्ट्रातील मुलांना परकी नाहीत. परंतु एके काळी या दोन गावांनी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी दुवा जोडला होता, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असेल. १९२७ साली खडकीच्या उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारांतून इंग्लंडकडे संदेश जाऊ लागले आणि तिकडून आलेले संदेश दौंडच्या मनोऱ्यांवर उतरू लागले. वाटेतले समुद्र, वाळवंटे आणि पर्वत त्यांना अडवू शकत नव्हते. विशेष हे की, हे संदेश दाही दिशांना विखुरले जात नसत. दिव्याच्या झोताप्रमाणे ते एकाच दिशेने धाव घेत. ही किमया ज्याच्या तीस वर्षांच्या खटपटीतून साध्य झाली, त्या संशोधकाचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या या शहरात झाला. त्याचे वडील सधन जमीनदार होते आणि आई ॲनी ही मूळची आयर्लंडची होती. शहराजवळच पोंतेक्कियो या खेड्यात त्यांचा टुमदार वाडा होता. गुग्लिएल्मोचे शिक्षण बहुतेक घरीच झाले. विद्यापीठाची पदवी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र विजेचे प्रयोग म्हटले की त्याला तहानभूक आठवत नसे. वडिलांना मुलाचे हे वेड म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटे. आई मात्र त्याच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली. बोलोन्याच्या विद्यापीठातील प्राध्यापक ऑगुस्तो रिगी हे त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या प्रयोगशाळेत जाण्याची परवानगी गुग्लिएल्मोला मिळाली आणि त्याच्या जिज्ञासेला खतपाणी मिळाले.

१८९४ साली हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचा अकाली मृत्यू झाला. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात आणि त्या अवकाशातून दूर पसरतात, हे हर्ट्झने प्रयोगाने सिद्ध केले होते. आल्प्स पर्वतात सुट्टी घालवत असताना वीस वर्षांच्या मार्कोनीने हर्ट्झच्या कार्याविषयीचा एक लेख वाचला. या लहरींवर स्वार होऊन संदेश का जाऊ नये, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्या विचाराने त्याची झोप उडाली. त्याच सुमारास इतर देशांतील शास्त्रज्ञही या लहरींच्या मागे लागले होते. कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली अशा लहरी भिंतींतून पार करून दूरच्या खोलीतील घंटा वाजवून दाखवली. बोस यांना निसर्गाचे सत्य शोधायचे होते, तर मार्कोनीला या लहरी माणसाच्या रोजच्या कामाला जुंपायच्या होत्या.

घरी परतताच त्याने वाड्याचा माळा ताब्यात घेतला. रात्रंदिवस त्याची खटपट चाले. एका रात्री त्याने आईला झोपेतून उठवून माळ्यावर नेले. त्याने एक खटका दाबला, तोच खोलीच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजली. त्या दोन टोकांना जोडणारी तार कोठेही नव्हती! १८९५ साली हे प्रयोग माळ्यावरून शेतात आले. प्रक्षेपक यंत्राची एक तार उंच टांगली आणि दुसरी जमिनीत पुरली, तर संदेश पुष्कळ दूर जातो, असे त्याच्या ध्यानात आले. ग्राहक यंत्र टेकडीपलीकडे नेण्यात आले. संदेश मिळाल्याची खूण म्हणून तिकडून बंदुकीचा बार काढायचे ठरले होते. मार्कोनीने इकडे खटका दाबला आणि थोड्याच वेळात टेकडीमागून बार ऐकू आला. त्या एका आवाजाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

१८९६ साली आईसह तो इंग्लंडला गेला. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी या तरुणाची चिकाटी ओळखून त्याला साहाय्य केले. सॅलिस्बरीच्या माळावर झालेल्या प्रयोगात मार्कोनीने प्रक्षेपकामागे तांब्याचे अंतर्वक्र पत्रे बसवले होते. कंदिलामागचा आरसा जसा सगळा उजेड पुढे लोटतो, तसे ते पत्रे लहरींना एका दिशेने लोटत. परंतु उंच तारेच्या साहाय्याने संदेश त्याहूनही दूर जातो, असे दिसून आल्यामुळे त्याने आरसे बाजूला ठेवले. अधिकाधिक अंतर गाठण्याचा ध्यास त्याला लागला होता. १८९७ साली ब्रिस्टलच्या खाडीवरून आणि १८९९ साली इंग्लिश खाडीवरून त्याचा संदेश पार गेला. दूर ठेवलेल्या त्या आरशांची आठवण त्याला पुढे वीस वर्षांनी व्हायची होती.

अंतर वाढू लागले, तशी एक नवीच अडचण उभी राहिली. ठिणगीतून निघणाऱ्या लहरी चोहोकडे पसरत. भरल्या बाजारात दहा विक्रेते एकाच वेळी ओरडू लागले, तर कोण काय म्हणतो हे कळेनासे होते. आकाशातही तीच गत झाली. दोन यंत्रे एकाच वेळी चालू झाली की त्यांच्या लहरींची सरमिसळ होई आणि कागदाच्या पट्टीवर निरर्थक ठिपके व रेघा उमटत. हा व्यत्यय दूर झाल्यावाचून बिनतारी यंत्राचा उपयोग फार वाढणार नव्हता.

यावर उपाय सुचला तो वाद्यांच्या तारांत दिसणाऱ्या तत्त्वाचा. दोन तंबोरे एकाच सुरात जुळवून जवळजवळ ठेवले आणि एकाची तार छेडली, तर दुसऱ्याची तार आपोआप थरथरू लागते; परंतु निराळ्या सुराची तार स्तब्धच राहते. त्याचप्रमाणे प्रक्षेपक आणि ग्राहक यांचा सूर जुळवला, तर ग्राहक फक्त आपल्याच सुराच्या लहरींना प्रतिसाद देईल. इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी या तत्त्वावर आधीच काम केले होते. मार्कोनीने त्याला व्यवहारोपयोगी रूप दिले आणि १९०० साली त्याचे प्रसिद्ध पेटंट घेतले. पेटंटाचा क्रमांक होता ७७७७. त्याच वर्षी त्याने वाइट बेटावरून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर दोन संदेश एकाच वेळी पाठवून दाखवले. एक इंग्रजीत होता, दुसरा फ्रेंच भाषेत. आणि दोन्ही परस्परांत न मिसळता दोन यंत्रांवर स्वच्छ उमटले.

पुढच्या वर्षी मार्कोनीने अटलांटिक महासागर ओलांडण्याचे धाडस केले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोल्डू येथे उभारलेले वीस उंच खांब वादळात कोसळले. तरीही त्याने धीर सोडला नाही. घाईने दुसरी रचना उभी करवून तो न्यूफाउंडलंड बेटावर गेला. तेथे बोचऱ्या वाऱ्यात पतंग उडवून त्याच्या दोरीबरोबर त्याने एरियलची तार आकाशात चढवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी सुमारे ३५०० किलोमीटर अंतरावरून आलेले तीन ठिपके, म्हणजे मोर्सच्या लिपीतील एक अक्षर, त्याने कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकले. त्याने खरोखरच ते ऐकले की काय, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. त्या वेळी वापरलेले पाऱ्याचे उपकरण जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली वर्णिलेल्या उपकरणाच्या जातीचे होते, असेही काही संशोधकांनी दाखवून दिले आहे. मात्र १९०२ साली महासागरापारचे संदेश निःसंशयपणे जाऊ-येऊ लागले.

एवढे यश मिळाले तरी व्यत्ययाचे भूत मानगुटीवरून उतरले नव्हते. १९०१ साली अमेरिकेत नौकांच्या शर्यतीची वार्ता देण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे एकाच वेळी चालू झाली आणि कोणालाच काही धड समजले नाही. जून १९०३ मध्ये तर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अधिकच नामुष्कीचा प्रसंग ओढवला. मार्कोनीचे सहकारी प्राध्यापक फ्लेमिंग हे सभागृहात बिनतारी यंत्रावर व्याख्यान देत होते आणि दूर पोल्डूहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. इतक्यात नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने जवळच्याच इमारतीतून आपले यंत्र चालू करून मार्कोनीची टवाळी करणारे शब्द त्या ग्राहक यंत्रावर उमटवले. मार्कोनीच्या बाजूने यावर पुष्कळ संताप व्यक्त झाला. तथापि, सूर जुळवल्याने अनवधानाने होणारा घोटाळा टळत असला, तरी मुद्दाम घुसणाऱ्याला पुरता अटकाव होत नाही, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

१९०९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांना विभागून मिळाले. ब्राउनने १९०५ साली तीन एरियल त्रिकोणात उभे करून त्यांच्या लहरींच्या वेळा मागेपुढे केल्या होत्या. तसे करताच एका बाजूस लहरी प्रबळ झाल्या आणि दुसऱ्या बाजूस क्षीण झाल्या. लहरींना दिशा देता येते, हे त्याने अशा रीतीने दाखवले होते. त्या काळी या प्रयोगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक ही प्रचंड आगबोट हिमनगावर आदळली. बोटीवरील दोन्ही बिनतारी कर्मचारी मार्कोनीच्या कंपनीचे होते. त्यांनी शेवटपर्यंत संकटाचे संदेश पाठवले, म्हणूनच कार्पेथिया ही बोट धावून आली आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. सुमारे दीड हजार लोकांना मात्र जलसमाधी मिळाली. या घटनेची दुसरी बाजूही विसरण्यासारखी नाही. अपघातापूर्वी काही वेळ कॅलिफोर्नियन नावाच्या जवळच्याच बोटीने बर्फाची सूचना देण्याचा प्रयत्न केला होता. त्या वेळी टायटॅनिकचा कर्मचारी दूरच्या किनाऱ्यावरील क्षीण आवाज कान देऊन ऐकत होता. जवळच्या बोटीचा संदेश त्याच्या कानात इतक्या जोराने घुमला की, त्याने तिला गप्प राहण्यास सांगितले. थोड्या वेळाने कॅलिफोर्नियनचा थकलेला कर्मचारी यंत्र बंद करून झोपी गेला आणि नंतरची हाक त्याच्या कानी पडलीच नाही. दोन संदेशांची टक्कर ही केवळ गैरसोय नसून तीत माणसांचे प्राणही गुंतलेले असतात, हे या घटनेने दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून बिनतारी केंद्रांना परवाना आवश्यक केला आणि कोणी कोणत्या लांबीच्या लहरी वापराव्यात हे ठरवून दिले.

लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असा त्या काळी सर्वांचा समज होता. मार्कोनीचाही तोच होता. म्हणून कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरी सोडणारी अजस्र केंद्रे बांधली जात. त्यांना अतोनात वीज लागे, खर्चाला सीमा नसे आणि लहरी मात्र सर्व दिशांना पसरून एकमेकींत मिसळत. त्यांना झोताचे रूप देणे अशक्य होते. कारण आरसा हा लहरीच्या लांबीच्या मानाने मोठा असावा लागतो. कित्येक किलोमीटर लांब लहरीसाठी गावाएवढा आरसा कोण बांधणार?

१९१२ सालीच मोटारीच्या अपघातात मार्कोनीने आपला उजवा डोळा गमावला होता. त्यातून सावरून तो पुन्हा कामाला लागला. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१६ साली, शत्रूच्या कानी न पडणारा संदेश कसा पाठवावा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. तेव्हा सॅलिस्बरीच्या माळावरचे ते तांब्याचे पत्रे त्याला आठवले. त्याने आपला सहकारी चार्ल्स फ्रँकलिन याच्या मदतीने अगदी आखूड लहरी घेऊन पुन्हा आरशांचे प्रयोग सुरू केले. ज्या मार्गाने जाऊन आपण कीर्ती मिळवली, तो सोडून चाळिशीनंतर नव्याने आरंभ करणे सोपे नव्हते.

१९१९ साली त्याने एक मोठी नौका विकत घेतली, तिचे नाव एलेत्रा ठेवले आणि तिच्यावर प्रयोगशाळा थाटली. १९२३ साली पोल्डू येथून आरशाच्या साहाय्याने ९७ मीटर लांबीच्या लहरी सोडण्यात आल्या आणि मार्कोनी एलेत्रावरून त्यांचा मागोवा घेत आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांपर्यंत गेला. सुमारे ४००० किलोमीटरवर पोल्डूची शक्ती पुष्कळ घटवली, तरी रात्री संदेश ठणठणीत ऐकू येत होता. दिवसा मात्र तो क्षीण होई. पुढल्या वर्षी लहरीची लांबी ३२ मीटरवर आणताच बैरूतच्या बंदरात भर दुपारीही पोल्डूचा आवाज ऐकू आला. पृथ्वीच्या वातावरणात फार उंचावर विद्युत्भारित थर आहेत. लघुलहरी त्यांवरून परावर्तित होऊन दूरदेशी उतरतात, म्हणून हे शक्य झाले.

फ्रँकलिनने आता आरशाऐवजी तारांचे उभे पडदे तयार केले. त्यामागचे तत्त्व तळ्याच्या काठी समजून घेता येते. दहा मुलांनी एका ओळीत उभे राहून एकाच क्षणी पाण्यात खडे टाकले, तर समोरच्या बाजूला सर्व तरंग मिळून एक जोरकस लाट होते. आडव्या बाजूला मात्र ते एकमेकांना बऱ्याच अंशी मारून टाकतात. त्याचप्रमाणे रांगेतील अनेक तारांतून एकदम निघालेल्या लहरी समोर प्रबळ होत आणि बाजूंना विरून जात. मागचा दुसरा पडदा त्यांना पुढे परतवी.

१९२४ साली ब्रिटिश सरकारने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्याशी झोताने संपर्क साधण्याचे काम मार्कोनीच्या कंपनीला दिले. अटी कडक होत्या. केंद्रांनी सलग सात दिवसांची कसोटी द्यावयाची होती, आणि अपयश आले असते तर कंपनी संकटात सापडली असती. १९२६ साली कॅनडाचे केंद्र कसोटीला उतरले. १९२७ मध्ये इतर तिन्ही देशांशी संपर्क सुरू झाला. खडकी आणि दौंड ही हिंदुस्थानची केंद्रे त्यांपैकीच होत. दोन्ही कामे एकाच ठिकाणी का ठेवली नाहीत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. शेजारी नगारा वाजत असता दूरची बासरी ऐकू येत नाही. खडकीच्या बलाढ्य लहरींनी इंग्लंडहून येणाऱ्या क्षीण लहरी बुडवू नयेत, म्हणूनच ग्राहक केंद्र दूर दौंडला उभारले होते. त्याचे पडदेही इंग्लंडच्या रोखाने उभे होते. त्यामुळे इतर दिशांच्या विजांची खरखर पुष्कळशी वगळली जाई. संदेशाचा खर्च इतका उतरला की, समुद्रतळाच्या तारांवर चालणाऱ्या कंपन्यांचा धंदा डळमळला आणि १९२९ साली दोन्ही व्यवसाय एकत्र करावे लागले.

या यशाच्या शिखरावर असताना मार्कोनीने एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली. दीर्घलहरींचा आग्रह आपणच धरला, आपल्या मागोमाग सारे जग त्या वाटेने गेले आणि गरजेहून कितीतरी मोठी केंद्रे बांधली गेली. ती आपली चूक होती, असे त्याने जाहीरपणे सांगितले. महासागर ओलांडण्याला लागले त्याहून हे धैर्य कमी प्रतीचे नव्हते.

मात्र त्याच्या चरित्रात एक डागही आहे. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या पक्षात तो सामील झाला, त्याने मोठी पदे स्वीकारली आणि त्या राजवटीचे समर्थन केले. विज्ञानातील चूक त्याने उमजून सुधारली. राजकारणातील ही चूक तशीच राहिली.

संशोधन मात्र अखेरपर्यंत चालू होते. १९३४ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ त्याने एलेत्राच्या सुकाणूघराच्या खिडक्या पडद्यांनी झाकून टाकल्या आणि केवळ अतिसूक्ष्म लहरींच्या झोताच्या आधारे तिला दोन तरंडांच्या मधून अचूक पार नेले. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपली यंत्रे थांबवून त्याला आदरांजली वाहिली. शब्दांनी गजबजलेले तेथील आकाश तेवढा वेळ निःशब्द झाले.

आज गावोगावी मोबाइल फोनचे मनोरे दिसतात. त्यांपैकी नव्या मनोऱ्यांवर बसवलेल्या चपट्या पेट्यांत अनेक छोटे एरियल रांगांनी मांडलेले असतात. तळ्याकाठच्या मुलांनी खडे एकदम न टाकता एकामागून एक अल्पशा अंतराने टाकले, तर लाट तिरपी जाते. या मनोऱ्यांतही प्रत्येक एरियलच्या लहरीची वेळ किंचित मागेपुढे करून झोत हवा तिकडे वळवतात. मनोरा जागचा हलत नाही, पण चालणाऱ्या माणसाच्या मागोमाग झोत फिरतो. एकाला लखनौकडे बोलायचे असते, दुसऱ्याला शेजारच्या आळीत. दोघांचे झोत निराळे असल्यामुळे एकाच सुराच्या लहरी वापरूनही एकाचा दुसऱ्याला फारसा उपसर्ग पोहोचत नाही. बोस यांनी अभ्यासलेल्या मिलिमीटर लांबीच्या लहरीही आता या कामी येऊ लागल्या आहेत. अनेकांच्या बुद्धीने आणि श्रमाने ही विद्या वाढली. आपला आवाज दूर पोहोचावा, पण त्याने दुसऱ्याचे बोलणे बुडू नये, या प्रश्नाची तड लावण्यासाठी मार्कोनीने घेतलेले कष्ट म्हणूनच चिरकाल स्मरणात राहतील.